लाईट आहे, पाणी गार आहे

नरक चतुर्दशीच्या पहाटे, उजाडायच्या जरा आधी, माझी आई अंगाला तेल-उटणं लावून ट्रेलरच्या न्हाणीत बसली असताना गरम पाण्याच्या नळाला गार पाणी आलं. त्या वेळी ट्रेलरमधले सगळे दिवे लागलेले होते.

ट्रेलर चंडीगडमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या फाटकाच्या आत उभा होता. घरातलं न्हाणीघर तिथून हाकेच्या अंतरावर होतं आणि तिथल्या गिझरमध्ये पाणी तापलेलं होतं. तरीही आई ट्रेलरमध्ये बसली होती, कारण ही आंघोळ म्हणजे चाचणी होती आणि अट तिचीच होती.

आईची मोठी बहीण ग्वाल्हेरला असते. लग्न होऊन गेली तेव्हापासून तिथेच. वर्षभरापासून ती माणसं विसरायला लागली होती. पितृपक्षात तिच्या मुलाचा फोन आला. तो आईला म्हणाला, "मावशी, ती अजून ओळखते. पण रोज नाही. यायचं असेल तर आता या."

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे. रेल्वेच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. मोटारीने गेलं तर वाटेत मुक्काम करावा लागतो, आणि हॉटेलातल्या न्हाणीघरांबद्दल तिचं मत एका अनुभवावरून पक्कं झालेलं आहे. अंबाल्याजवळच्या एका हॉटेलात न्हाणीच्या दाराशी टीचभर उंबरा होता. तो ओलांडताना ती पडता पडता वाचली. त्या दिवशी तिने आंघोळ केली नाही, म्हणून पूजा केली नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर ती रात्रीच्या मुक्कामाला कुठेच गेली नव्हती.

ट्रेलरची जाहिरात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. चंडीमंदिर छावणीतले एक अधिकारी बदली होऊन ईशान्येला निघाले होते. सोफा, सायकली, कुंड्या आणि सर्वांत शेवटी ट्रेलर, असं त्यांना विकायचं होतं. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत दोन पलंग, एक ओटा, आणि कपाटाएवढी न्हाणी. न्हाणीला उंबरा नव्हता. आम्ही तो घेतला.

अधिकारी नागपूरचे. ताबा देताना त्यांनी सगळं फिरून समजावून सांगितलं.

"हे पहा, या ट्रेलरमध्ये विजेचे दोन संसार आहेत," ते म्हणाले. "एका छपराखाली राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही ऐकून राहिले ना?"

"म्हणजे आमच्या घरासारखंच," माझी पत्नी म्हणाली. ती केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे आणि आमच्या सगळ्या बदल्या तिच्याच असतात.

पहिला संसार बॅटरीचा. पलंगाखाली बारा व्होल्टची एक मोठी बॅटरी आहे. दिवे, पंखा आणि पाण्याचा छोटा पंप तिच्यावर चालतात. नळ उघडला की पंप आपोआप घुरघुरतो आणि पाणी येतं. दुसरा संसार आपल्या घरातल्या विजेचा. ट्रेलरच्या कुशीवर एक झाकण आहे. त्याखालच्या खोबणीत जाड केबल लावायची आणि तिचं दुसरं टोक घरातल्या मोठ्या प्लगमध्ये खोचायचं. गिझर त्यावर तापतो आणि बॅटरीही त्यावरच चार्ज होते.

"मग बॅटरीवर गिझर का नाही चालत?" पत्नीने विचारलं.

"चालवा ना. पाणी कोमट व्हायच्या आत बॅटरी संपेल. मग गार पाण्याने, तेही अंधारात." त्यांनी थोडा विचार केला. "आणि पंपही बंद. म्हणजे गार पाणीसुद्धा नाही."

केबल खोचायला जागा मिळाली नाही तर गिझर गॅसवरही चालतो. बाहेरच्या बाजूला त्याचा वेगळा बर्नर आहे. हे त्यांनी शेवटी सांगितलं. तोवर त्यांच्या पत्नीने दोनदा जेवायला हाक मारली होती.

घरी आणल्यावर आईने ट्रेलर आतून पाहिला. पलंगांवर हात फिरवला, ओट्याची उंची पाहिली, आणि न्हाणीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"इथे बादली कुठे राहणार आणि मी कुठे राहणार?"

बादली लहान आणली. पाट बसत नव्हता, म्हणून प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल आणलं.

पाणी तापवण्याचा पहिला प्रयोग घटस्थापनेच्या सुमारास झाला. अधिकाऱ्यांनी बजावलं होतं की टाकी भरल्याशिवाय गिझरचं बटण दाबायचं नाही. मी मुलीला विचारलं, टाकी भरली का? मुलगी मोहालीत नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत शिकते. मराठी तिला सगळं समजतं. उत्तरं हिंदीत येतात.

"भर गई, पापा. फुल."

बटण दाबलं. थोड्या वेळाने जळका वास आला.

टाकी खरंच भरलेली होती. ती पलंगाखालची, पाण्याच्या साठ्याची टाकी. गिझरच्या पोटात स्वतःची वेगळी, बादलीभर पाण्याची टाकी असते. ती रिकामी होती. आधीच्या मालकांनी विकण्यापूर्वी ती उपसून तिच्याकडे जाणारी तोटी फिरवून ठेवली होती, जे योग्यच होतं. कोरड्या टाकीत हीटरची कांडी तापली आणि जळाली.

"आमच्या कऱ्हाडच्या बंबाला एवढं कळत होतं," आई म्हणाली. "आधी पाणी, मग विस्तव."

"आजी, बंब को कैसे पता होता था?"

"बंबाला नाही गं, मला कळत होतं."

कांडी बदलून घेतली. इलेक्ट्रिशियनने जाताना एक खूण सांगितली, ती तेव्हापासून घरात पाळली जाते. गरम पाण्याचा नळ उघडायचा. तो आधी खाकरतो, थुंकतो, मग सलग धार धरतो. सलग धार आली म्हणजे गिझर भरला. त्यानंतरच बटण.

दुसरा प्रश्न होता केबल कुठे खोचायची. घरातले साधे प्लग गिझरचा भार सोसत नाहीत. एकदा तसं केलं तेव्हा एक्स्टेंशनची वायर हाताला गरम लागली, आणि गिझरमधलं पाणी लागलं नाही. मोठा प्लग पुढच्या खोलीत एकच होता, एसीचा. हिवाळ्याच्या तोंडावर एसी बंदच असतो. त्याची पिन काढून तिथे ट्रेलरची केबल खोचली आणि ती खिडकीतून बाहेर नेली.

घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त आहेत. गच्चीवरून त्यांनी हे सगळं पाहिलं.

"जनाब, इसमें रहोगे या इसको घुमाओगे?"

"घुमाएंगे, अंकलजी," पत्नी म्हणाली. "आधी आईंना, म्हणजे माताजी को पसंद आना चाहिए।"

"माताजी नूं की चाहीदा?"

"गरम पानी."

घरमालकांनी मान हलवली. हे त्यांना योग्य वाटलं.

दसऱ्यानंतर पाणी व्यवस्थित तापू लागलं. गिझर लहान असल्यामुळे पाणी कडकडीत करायचं आणि त्यात गार मिसळायचं, तर एका माणसाची आंघोळ निभते. गिझर कोमटवर ठेवला तर अर्धीच होते. पत्नीने हे आईला सांगितलं.

"म्हणजे विसण," आई म्हणाली. "विसण घालायचं हे मला शिकवतेस होय? कडकडीत पाणी अंगावर कोण घेतं?"

तरीही ग्वाल्हेरला निघण्याबद्दल ती हो म्हणत नव्हती. ट्रेलरमध्ये तिने एकदाही आंघोळ केली नव्हती. आज गार आहे, आज गुरुवार आहे, आज घरातलं पाणी तापलंच आहे. मग एका संध्याकाळी ग्वाल्हेरहून पुन्हा फोन आला. मावशीला फोनवर दिलं होतं. आई बराच वेळ बोलली. पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी त्यात बसते. नीट झाली तर भाऊबीज करून निघू. नाही झाली तर मला परत विचारू नका."

पत्नी म्हणाली, "आई, साध्या दिवशी करून बघा ना आधी. त्या दिवशीच कशाला?"

"साध्या दिवशी काय, गार पाणीसुद्धा चालतं."

हे खरं नव्हतं. साध्या दिवशीही तिला गार पाणी चालत नाही. पण अट ठरली.

आदल्या संध्याकाळी गिझर भरला, सलग धार पाहिली, बटण दाबलं. पहाटे पत्नीने आईच्या अंगाला तेल लावलं आणि उटणं कालवून दिलं. आई शाल पांघरून अंगणातून ट्रेलरपर्यंत चालत आली. दाराशी थांबून तिने विचारलं, "लाईट आहे ना?"

पत्नीने आत पाहिलं. "आहे, आई."

आई आत गेली. न्हाणीतून तिने पुन्हा विचारलं, "लाईट आहे ना रे? पाणी तापलंय ना?"

मी दारातून पाहिलं. "आहे."

मुलीने मोबाइलवरून मान वर केली. "है, आजी. लाइट है."

पंप घुरघुरला. धार पडल्याचा आवाज आला.

"गार आहे," आई म्हणाली.

"थोडं सोडा, आई. आधी गार येतं."

"सोडलं. बादली भरली. गारच आहे."

मी आयुष्यभर बातम्यांच्या डेस्कवर काम केलं. एका माहितीला दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा मिळाल्याशिवाय ती छापायची नाही, असा तिथे नियम असतो. इथे तिघांनी दुजोरा दिला होता. तिघांचं सूत्र एकच होतं, आणि ते म्हणजे छताचा दिवा.

आमच्याकडे वीज म्हणायचं असलं तरी लाईट म्हणतात आणि दिवा म्हणायचा असला तरी लाईटच म्हणतात. घरात याने काही बिघडत नाही. दिवा लागला आहे म्हणजे वीज आहे आणि वीज आहे म्हणजे गिझर तापतो. ट्रेलरमध्ये दिवा बॅटरीचा आणि गिझर घरच्या विजेचा. दिवा लागतो, पंखा फिरतो, नळाला पाणी येतं, आणि घरची वीज मुळात आलेलीच नसते. गिझर चालू असल्याचं सांगणारा लाल दिवा वेगळा आहे, पण तो कपड्यांच्या कपाटात आहे. त्यापुढे आईच्या लुगड्यांची आणि साड्यांची चळत होती.

पत्नीने चळत बाजूला केली. लाल दिवा बंद होता.

केबल ट्रेलरच्या खोबणीत होती. खिडकीतून आत गेलेली होती. प्लगमध्ये नीट खोचलेली होती. प्लगशेजारचं बटण बंद होतं.

"हे कोणी बंद केलं?" पत्नीने खिडकीतून विचारलं.

ट्रेलरच्या आतून लगेच उत्तर आलं. "एसीचं ना? मी केलं. काल संध्याकाळीच. थंडीत एसी कशाला चालू ठेवायचा?"

मुलगी हसायला लागली आणि तिने आजीच्या शालीत तोंड घातलं.

बटण लावलं. लाल दिवा लागला. पाणी तापायला बराच वेळ लागणार होता आणि पूर्वेला उजाडायला लागलं होतं. अंगावरचं उटणं वाळत असताना आई शाल गुंडाळून घरात आली आणि घरातल्या न्हाणीत आंघोळ केली. घरमालक दूध घेऊन फाटकातून आत येत होते.

"सब ठीक है जी?"

"आज हमारा आंघोळ है, भाईसाब," आई चालता चालता म्हणाली.

"हैं जी?"

"छोटी दिवाली का नहाना, अंकल," मुलगी म्हणाली. "सनराइज़ से पहले."

"गड्डी विच?" त्यांनी ट्रेलरकडे बोट दाखवलं.

फराळाच्या वेळी विषय निघाला नाही. चकली झाली, अनारसे झाले. शेवटी मुलीनेच काढला. "आजी, ये तो काउंट नहीं होना चाहिए. स्विच तो आपने बंद किया था."

"गरम पाणी आलं का?"

"नहीं, पर..."

"मग नाही झाली."

"पण आई, चूक तुमची होती," पत्नी म्हणाली.

"माझी होती म्हणून पाणी गरम होतं का?" आईने लाडू फोडला. "आणि वाटेत काय करणार? तिकडे रस्त्यावर कोणाच्या खिडकीतून वायर घालणार? मी इथे घरच्या लाईटवर आंघोळ केली असती, तरी तिथलं काय कळलं असतं?"

चाचणी यशस्वी झाली असती तरी ती चुकीच्या गोष्टीची चाचणी ठरली असती. ग्वाल्हेरच्या वाटेवर एक मुक्काम करायचा होता, पेट्रोल पंपाच्या आवारात. तिथे दिवे होते, संडास होते, पहारा होता. मोठा प्लग मिळेलच असं नव्हतं.

"पाडव्यालाही तेल लावून आंघोळ असते ना?" पत्नीने विचारलं.

आई म्हणाली, "असते. ती पुरुषांची. बायको नवऱ्याला ओवाळते."

"बायकांनी करू नये असं कुठे आहे?"

"तसं कुठे नाही," आईने मान्य केलं.

मधल्या दिवशी शब्द ठरवून घेतले. यापुढे ट्रेलरमध्ये कोणी नुसतं लाईट म्हणायचं नाही. केबलमधून येते ती घरची. बॅटरीची ती गाडीची. मुलीने हे लिहून काढायचं सुचवलं, पण गरज पडली नाही. आईने दुपारपर्यंत ते शब्द इतक्या वेळा वापरले की घरमालकही गच्चीवरून विचारू लागले, "घरची ऑन है जी?"

पाडव्याच्या पहाटे आईने अंगणात येऊन आधी स्वतःच्या हाताने केबल उपसली. "घरची नको. वाटेत नसणार. गॅसवर तापवा." मग ती बाजूला उभी राहिली.

गॅसच्या बर्नरला ठिणगी गाडीची लागते. हेही अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. जेवणाच्या हाकांमध्ये ते निसटून गेलं होतं. म्हणजे दोन्ही संसार बोलत नसले तरी गॅसला पेटवायला बॅटरीच पुढे येते. सिलिंडर उघडला. आतलं बटण दाबलं. बाहेरच्या जाळीमागे टिक, टिक, टिक असा आवाज आला आणि थांबला.

"पेटला?" पत्नीने विचारलं.

या वेळी कोणी आतून उत्तर दिलं नाही. आम्ही तिघं बाहेर जाऊन वाकून पाहिलं. ज्योत नव्हती. बटण पुन्हा दाबलं. टिक, टिक, मग भक्क असा आवाज झाला आणि जाळीमागे निळी ज्योत दिसली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"वीरजी, दिवाली तो हो गई. आज कौन सी है?"

"अंकल, हमारी चार दिन चलती है," मुलगी म्हणाली.

"चार दिन नहाते हो?"

"नहाते रोज़ हैं, अंकल!"

मी हात धरून पाहिला. जाळीतून गरम हवा येत होती. बऱ्याच वेळाने पत्नीने नळ सोडून बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. दोन सूत्रं झाली. आई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पंप घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला. तांब्याचा आवाज येत राहिला. आतून ती एकदाच बोलली. "विसण जास्त झालं." पंप पुन्हा घुरघुरला.

सांडपाणी खालच्या टाकीत साठतं. तिची तोटी उघडी राहिली होती. साबणाचं, उटण्याचं पाणी ट्रेलरखालून वाहत फाटकाबाहेर गेलं आणि घरमालकांच्या मोटारीच्या चाकांना वळसा घालून गटाराला मिळालं. ते खाली येऊन पाहत उभे राहिले.

"खुशबू चंगी है," ते म्हणाले.

आई नेसून, केस पुसत बाहेर आली. पत्नीने विचारलं, "झाली?"

"झाली," आई म्हणाली. "न्हाणीत साबण ठेवायला जागा नाही."

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोटी बंद केली, सिलिंडर बंद केला, आणि निघालो. मुलीची परीक्षा होती, ती घरी थांबली. दिल्ली ओलांडताना ट्रेलरमुळे वेळ गेला. पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम झाला. सकाळी बर्नर पहिल्या प्रयत्नात पेटला आणि आईने आंघोळ, पूजा, चहा या क्रमाने सगळं केलं.

ग्वाल्हेरला पोहोचलो तेव्हा दुपार उलटली होती. गल्ली अरुंद असल्यामुळे ट्रेलर चौकातच उभा केला. मावसभाऊ घ्यायला आला होता. आई त्याचा हात धरून घरापर्यंत चालत गेली.

मावशी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. तिने आईकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली. "या, बसा," ती म्हणाली. "लांबून आलात का?"

आई म्हणाली, "हो."

मावशीने सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मग आईला विचारलं, "साखर किती घेता?"

आई म्हणाली, "एक चमचा."